येतो म्हणून गेलेले सातशे

एका राज्यात एक शब्द अडला होता. तुम्ही म्हणाल, शब्द कसा अडेल? गाडी अडते, गाय अडते, नडलेला माणूस अडतो. थांबा, तेच सांगायला बसलोय. मध्ये बोलायचं नाही आणि हुंकार द्यायला विसरायचं नाही. राज्याचं नाव विचारू नका. तिथले लोक चांगले होते हो, पण विसरभोळे होते, आणि विसरभोळ्यांना नाव घेतलेलं खपत नाही.

त्या राज्यात घराबाहेर पडताना कुणी 'जातो' म्हणत नसे. 'जातो' म्हणणं अभद्र. बाजाराला निघालेला म्हणे 'येतो', रानात निघालेला म्हणे 'येतो'. लढाईवर निघालेला तर उंबऱ्याबाहेर उजवं पाऊल टाकून, मागे वळून म्हणे 'येतो', आणि घरची बाई म्हणे 'या'. एवढंच. याहून जास्त बोलायची रीत नव्हती. बोलायला गेलं तर गळा दाटायचा, म्हणून बहुधा शहाण्यासुरत्यांनी रीतच आखूड ठेवली असावी.

एका दसऱ्याला राजा चंडप्रतापाने सातशे शिपाई हिवखिंडीत धाडले. हिवखिंड म्हणजे राज्याचं उत्तरेचं दार. तिथं वारा बर्फ घेऊनच येतो. राजाने हुकूम दिला, "परतीची तुतारी होईतो खिंड सोडायची नाही." सातशे जणांनी हुकूम पागोट्यात खोवला, सातशे उंबऱ्यांवर 'येतो' म्हटलं आणि निघाले. त्यांत एक रायाजी होता. लग्नाला आठ महिने झालेले. बायको गोजरा 'या' म्हणाली, आई चिमाईने त्याच्या उपरण्याची गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधली.

आता परतीची तुतारी काय ते सांगतो. गडाच्या उत्तर बुरुजावर ती टांगलेली असे. लढाई सरली की ती तीनदा वाजवायची. पहिलीला हत्यारं खाली, दुसरीला तोंडं घराकडे, तिसरीला पावलं घराकडे. ती मंत्राची तुतारी. बुरुजावर वाजली की जगाच्या टोकालाही ऐकू जाई.

अकराव्या दिवशी शत्रू पळाला. सातशे जण खिंडीत भिंतीसारखे उभे पाहिले आणि आल्या पावली पळाला. गडावर बातमी आली आणि राजाने हत्तीवरून मिरवायचं ठरवलं. मिरवणुकीपुढे तुतारी हवी. सगळ्यांत देखणी तुतारी बुरुजावर, म्हणून तीच उतरवली. "मिरवणूक झाली की पुन्हा चढवू," प्रधान म्हणाला.

मिरवणूक तीन दिवस चालली. हत्तीवरून साखर वाटली, घरोघर पेढे गेले. खोटं कशाला बोलू, मीही दोन खाल्ले. मग राजा म्हणाला, ही विजयाची तुतारी, हिला मान द्या. तेव्हा तिला सोन्याचा मुलामा दिला, मखमलीवर ठेवून खजिन्यात बंद केली. दर दसऱ्याला तिच्यावर फुलं वाहिली जात, भाट शिपायांच्या शौर्याचं गाणं म्हणत आणि राजाचे डोळे भरून येत. खोटे नव्हते हो ते डोळे. खरंच भरून येत. पण तुतारी बुरुजावरून वाजवायची राहिली आहे, हे कुणाच्याही ध्यानात आलं नाही.

आणि राज्याला शाप लागला.

आधी साद घातली तर पडसाद येईना. लोक हसले. मग चरायला गेलेल्या गाई गोठ्यात येईनात. मग माहेरी गेलेल्या लेकी, हाटाला गेलेले वाणी, तीर्थाला गेलेले म्हातारे, जो वेशीबाहेर गेला तो गेलाच. विहिरीत सोडलेली घागर वर येईना, नुसता दोर येई. राजाकडे गाऱ्हाणी गेली, राजा म्हणाला, "पाहू." अशी बारा वर्षं राजा पाहत राहिला. मग एके सकाळी राजाचा लाडका ससाणा मनगटावरून उडाला आणि परत आला नाही, तेव्हा कुठं दरबार भरला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, दुसरं काय!

या बारा वर्षांत शिपायांच्या आळीत काय चाललं होतं, ते कुणी विचारलं नाही. गोजरेला कुणी हळदीकुंकवाला बोलवेना. बोलवावं तर नवरा कुठाय, न बोलवावं तर कपाळावर कुंकू आहे. मग बायांनी सोपा मार्ग काढला, समोरून गोजरा आली की पदर सावरायचा आणि दुसरीकडे बघायचं. गोजरा मात्र एक करी. रोज चुलीतला विस्तव राखेत पुरून ठेवी आणि त्या उबेवर, चुलीशेजारच्या वैलावर, पाण्याचं तपेलं. 'येतो' म्हणालेत. आले की पाय धुवायला ऊन पाणी नको? बारा वर्षं तो विस्तव विझला नव्हता. चिमाई म्हणे, "पोरी, लाकडं कुठून आणतेस गं?" गोजरा म्हणे, "मिळतात, आत्याबाई." परसातलं शेवग्याचं झाड जाऊन तिथं बुंधा उरला होता, म्हातारीला दिसत नव्हतं एवढंच.

तर दरबार भरला. राजाचा मांत्रिक धूम्रनाथ भस्म उधळून म्हणाला, "शाप आहे. कुणाचा ते दिसत नाही." तेवढ्यात खिडकीतून एक साळुंकी आत आली आणि सिंहासनाच्या हातावर बसली. ती हिवखिंडीत जन्मलेली. या राज्यातून गेलेली नव्हती, म्हणून तिला येता आलं.

"राजा, शाप कुणाचाच नाही," साळुंकी बोलली. "हिवखिंडीत सातशे जण उभे आहेत. परतीची तुतारी ऐकायला उभे आहेत."

"बारा वर्षं?" राजा म्हणाला.

"बारा वर्षं. सातशे उंबऱ्यांवर 'येतो' हा शब्द अडला आहे. परत येण्याचा पहिला मान त्यांचा. ते आल्याशिवाय मागच्या कुणाला वाट नाही."

 बारा वर्षांत एकाही तोंडातून हे निघालं नव्हतं, ते एका पाखराने सांगितलं.

राजाने तुतारी आणवली. वाजवली, वाजेना. मुलामा देताना तिच्या घशात सोनं उतरून बसलं होतं. राजाने सोनाराला बोलावलं. सोनाराने सात भात्यांची भट्टी पेटवली. तुतारी लाल झाली, सोनं ढिम्म. राजाने धूम्रनाथाला सांगितलं. त्याने चंदनाचा होम केला, सातशे मंत्र म्हटले. तुतारी काळी पडली, सोनं ढिम्म. तेव्हा साळुंकी म्हणाली, "ते सोनं एकाच आगीत वितळेल. बारा वर्षं कुणाच्या तरी वाटेवर डोळे लावून बसलेल्या आगीत."

"असा अग्नी कुठल्या समुद्रापलीकडे आहे?" राजाने विचारलं. "मी घोडेस्वार धाडतो."

"तुझ्या वाड्याच्या मागच्या भिंतीला लागून जी आळी आहे, तिथं, गोजरेच्या चुलीत. तुझं सांडपाणी जातं, त्याच वाटेने जा."

प्रधान सोन्याची शेगडी घेऊन गोजरेच्या दारात उभा राहिला. "बाई, महाराजांना विस्तव हवा."

गोजरा म्हणाली, "मिळणार नाही."

"महाराजांची आज्ञा आहे."

"असेल. या राज्यात एकदा गेलेलं परत येत नाही, प्रधानजी. माझा विस्तव दाराबाहेर जाणार नाही. तुतारीला इकडं आणा."

मग राजाला यावं लागलं. स्वतः तुतारी हातात धरून, सांडपाण्याच्या वाटेने, मोजडी उचलत उचलत. घर एवढं बुटकं की मुकुट काढून वाकावं लागलं. साळुंकी त्याच्याआधी आत जाऊन चुलीजवळच्या खुंटीवर बसली होती.

"गोजरे," साळुंकी म्हणाली, "आधी ऐक आणि मग तुतारी चुलीत घाल. खिंडीतले ते जिवंत नाहीत. मेलेलेही नाहीत. शत्रू पळाल्यावर आठव्या दिवशी बर्फ पडला, तेव्हाच ते संपायचे. पण हुकूम होता म्हणून उभे राहिले. तुतारी वाजली की घरी येतील, उंबऱ्यावर शब्द पुरा करतील, आणि ऊब लागली की संपतील. तुतारी नाही वाजली तर उभे राहतील. कायमचे."

 गोजरेने राखेकडे पाहिलं. बारा वर्षं ती ज्याची वाट पाहत होती, त्याला बोलवायचं म्हणजे घालवायचं, आणि ठेवायचं म्हणजे बर्फात ठेवायचं. कुणावर अशी वेळ येऊ नये.

तिने एकच विचारलं. "थंडी वाजते का त्यांना?"

"वाजते."

"रोज?"

"रोज."

गोजरेने राख बाजूला सारली, फुंकर घातली, शेवग्याची शेवटची ढलपी विस्तवावर ठेवली आणि राजाच्या हातातून तुतारी घेऊन चुलीत घातली. घटकाभरात सोनं लोण्यासारखं ओघळलं आणि राखेत जाऊन पडलं. आतून जुनी तुतारी निघाली, साधी, तांब्याची.

राजा हात पुढे करून म्हणाला, "आण. मी वाजवतो. चूक सुधारण्याचा मान राजाचा." बुरुजावर चढला, गाल फुगवले, डोळे तांबडे झाले. तुतारी हूं की चूं करेना.

"ज्याने वाट पाहिली नाही, त्याचा श्वास ती घेत नाही," साळुंकी म्हणाली.

तेव्हा गोजरा बुरुज चढली. मागून आळीतल्या सगळ्या बाया चढल्या. कुणाचा नवरा, कुणाचा लेक, कुणाचा भाऊ. साळुंकी कठड्यावर बसली. तिला इथून तिथलं दिसत असे.

गोजरेने पहिली तुतारी फुंकली.

"भाले खाली आले," साळुंकी म्हणाली.

दुसरी फुंकली.

"तोंडं इकडं झाली. गोजरे, तुझा माणूस मधल्या ओळीत आहे. डोळ्यांवर हात धरून इकडंच बघतोय."

तिसरीसाठी गोजरेने तुतारी ओठांना लावली, तर चिमाईने तिचा हात धरला. म्हातारीच्या बोटांत एवढी ताकद कुठून आली कोण जाणे.

"नको गं. उभा तरी आहे ना माझा लेक! असू दे तिथं. आहे म्हणायला आहे."

"आत्याबाई, गारठलेत ते."

"मी इथं देवाला रोज सांगते, त्याला सांभाळ. आणि तू त्याला..." 

"तुम्ही त्यांना लहानपणी थंडीत बाहेर उभं केलं असतं का? एक घटका तरी?"

 मग चिमाईने हात सोडला, आणि तोच हात गोजरेच्या पाठीवर ठेवला. "वाजव. जोरात वाजव. माझं पोर झोपाळू आहे, हळू वाजवलीस तर ऐकायचं नाही."

तिसरी तुतारी झाली.

अकरा दिवसांची वाट त्यांनी एका दुपारी कापली. दिवेलागणीला वेशीवर धूळ दिसली नाही, गार वारा तेवढा आला, आणि मागून ते. सातशे. मिशांवर बर्फ, भुवयांवर बर्फ, वहाणा पायांना चिकटलेल्या. सगळं नगर रस्त्यावर आलं होतं, ओंजळीत फुलं घेऊन. फुलं पडली, कुणी वर पाहिलं नाही. राजा चौथऱ्यावर मानपत्र घेऊन उभा होता. "हे वीरहो, आपल्या अतुलनीय त्यागाबद्दल हे राज्य..." ते त्याच्यासमोरून निघून गेले. उद्धटपणाने नव्हे हो. बारा वर्षं बाहेर उभ्या राहिलेल्या माणसाला घर सोडून दुसरं काही दिसत नाही. चौकात ते पांगले आणि ज्याच्या त्याच्या उंबऱ्याकडे वळले.

रायाजी आपल्या दारात उभा राहिला. तो चोविसाचाच होता. गोजरेच्या केसांत रुपेरी छटा आली होती. त्याने ओळखलं. उजवं पाऊल उंबऱ्याआत टाकलं.

"आलो," तो म्हणाला.

"या," गोजरा म्हणाली.

चिमाईने त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. बोटांना बर्फ लागला.

"आई, उशीर झाला."

"झाला खरा, बाळा."

तो ओट्यावर टेकला. "लढाई संपली का?"

"संपली," गोजरा म्हणाली.

"कधी?"

खोटं बोलावंसं तिला वाटलं. कालच संपली, असं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण बारा वर्षं खरेपणाने उभ्या राहिलेल्या माणसाशी खोटं बोलायला तिची जीभ वळेना. "तुम्ही गेल्यावर अकराव्या दिवशी."

 राजा मागोमाग आळीत आला होता, दारापाशी येऊन थबकला होता. त्याने हे सगळं ऐकलं.

"मग बोलावलं का नाही?" रायाजीने विचारलं.

"विसरले."

रायाजीने मान हलवली. चिडला असता तर बरं झालं असतं. "आम्हाला वाटलं, अजून चालू असेल. म्हणून हललो नाही," तो म्हणाला. "एकदा आमच्यातला दौलत म्हणाला, विसरले असतील का रे? आम्ही सगळे त्याला हसलो."

गोजरेने वैलावरचं तपेलं उतरवलं. तिला ठाऊक होतं. चिमाईलाही ठाऊक होतं. तिने त्याच्या पायांवरून पाणी ओतलं, आधी डाव्या, मग उजव्या. त्याने डोळे मिटले.

"ऊन आहे," तो म्हणाला. आणि कितीतरी दिवसांनी माणूस हसतो, तसा हसला.

बर्फ वितळला, आणि बर्फाबरोबर तोही. ओट्यावर ओल राहिली, दोन वहाणा राहिल्या आणि घट्ट गाठीचं एक उपरणं. आळीत सातशे घरांत तसंच झालं. आधी कुठूनच रडणं आलं नाही. मग एका घरातून आलं, आणि डोंगरावरून त्या रडण्याचा पडसाद आला. बारा वर्षांतला पहिला.

शाप सुटला होता. मागोमाग गाई आल्या. लेकी आल्या, वाणी आले, म्हातारे आले. घागरी वर आल्या. राजाचा ससाणाही आला, आणि नगरात नगारे वाजू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया गोजरेकडे आल्या. ज्यांनी बारा वर्षं पदर सावरला, त्याच. रीत म्हणून, गोजरेचं कुंकू पुसायला. चिमाई काठी घेऊन दारात उभी राहिली. "हात लावून तर बघा! ज्या कपाळाकडं बारा वर्षं ढुंकून बघितलं नाही, ते आज बरं दिसलं? चला, निघा." बाया गेल्या. कुंकू राहिलं, आणि पुढेही राहिलं.

मग राजा आला. सोबत भरजरी शेला, आणि सातशे नावं कोरायच्या स्तंभाचा नकाशा. मुकुट काढून वाकला, आत आला. "बाई, मागा. हवं ते देतो."

"मला काही मागायचं नाही. तुम्हाला सांगायचं असेल ते सांगा."

राजाने घसा साफ केला. "आपल्या थोर त्यागाबद्दल हे राज्य सदैव कृतज्ञ..."

"हे नव्हे."

"वीर मरत नाहीत, ते अमर..."

"मेले, महाराज. माझ्या हातावर मेले. हेही नव्हे."

राजा खाली बघत राहिला. ओट्यावर ओलीचा डाग अजून वाळला नव्हता. त्याचे डोळे भरून आले नाहीत. पहिल्यांदाच नाही आले. "मी विसरलो," तो म्हणाला.

गोजरेने पदर तोंडाला लावला. चिमाईने बसायला पाट सरकवला. "बसा. पाणी देते."

राजा पाणी प्यायला. शेला तिथंच राहिला, कुणी हात लावला नाही. तो उठला, उंबऱ्याबाहेर उजवं पाऊल टाकलं, आणि जन्माची सवय, तोंडातून गेलं, "येतो."

"या," गोजरा म्हणाली. तिचीही सवयच.

आणि राजाचं दुसरं पाऊल उचलेना. आपण काय बोललो ते त्याला तेव्हा कळलं. त्या राज्यात आता हा शब्द काय वजनाचा झाला होता, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? खुंटीवरून साळुंकी बघत होती. राजाने मान खाली घातली आणि पुढच्या दारात गेला. तिथंही पाणी प्यायला, तिथंही म्हणाला, मी विसरलो, आणि निघताना तोच शब्द. दुसरा शब्द त्यांच्या भाषेत नव्हता. सातशे दारं होती. शेवटच्या दारातून निघाला तोवर पहिल्या दारी पुन्हा यायची वेळ झाली होती.

तुतारी बुरुजावर गेली, तांब्याचीच. पुढे लढाया झाल्या. लढाई सरली की राजा आधी बुरुज चढे. तुतारी आळीतल्या बाया फुंकत, तो शेजारी उभा राही, आणि शेवटचा शिपाई वेशीत येईतो खाली उतरत नसे. स्तंभ कुणी बांधला नाही. राजा म्हातारा झाला, काठी टेकत टेकत त्याच आळीतून फिरत राहिला. कुणी बरं बोले, कुणी दार लोटून घेई, तो बाहेर उभा राही. गोजरेने त्याला माफ केलं का, ते मला माहीत नाही. आल्यावर पाय धुवायला ऊन पाणी मात्र ती त्यालाही देई.

झाली कहाणी. दिवा लावायची वेळ झाली, मलाही निघायला हवं. दोन पेढे मीही खाल्ले होते, विसरू नका, त्या आळीत मलाही काही दारं आहेत. तुम्ही मला नेहमीसारखं 'या' म्हणाल, आणि मला नेहमीचा शब्द म्हणावा लागेल. जरा थांबा. वहाणा घालून घेतो, मग म्हणतो.